गाऱ्हाण्यावर चालणारी गाडी

माझी पहिली गाडी पेट्रोलवर कमी आणि माणसांवर जास्त चालायची.

गोवा घटक राज्य झाले त्याच्या आगेमागे मी ती डिचोलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली. रंग मुळात काळा, पण खाणीच्या ट्रकांमागून वर्षानुवर्षे फिरून अशी तांबडी झालेली, की धुतली तर खाली चहा सांडल्यासारखे पाणी निघे. उजवे दार काथ्याने बांधलेले. डावे उघडायचे, पण फक्त आतून. म्हणजे आधी कुणीतरी जनेलातून, खिडकीतून हो, आत उडी मारायची आणि मग बाकीच्यांना मानाने आत घ्यायचे. तळाला एवढे भोक होते की असनोड्याला एक कोंबडी त्यातून आत आली आणि म्हापसा येईपर्यंत मागच्या सीटवर अंडे घालून मोकळी झाली. खोटे वाटत असेल तर वाटू दे. अंडे मी खाल्ले आहे.

हॉर्न मात्र एकदम चोख. तो प्रत्येक वळणावर आपला आपणच वाजायचा.

खरी अडचण होती ती चालू होण्याची. आमचे घर सर्वणला, चढावर. सकाळी ब्रेक सोडला की गाडी उतारावरून घरंगळत निघे आणि खाली पोचेपर्यंत जागी होई. त्यामुळे मी माझे सगळे आयुष्यच उतारांवर बेतले. साखळीला ज्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो, तिथेही उताराची जागा हेरून ठेवली होती. न्हावी बदलला, वाणी बदलला, कारण त्यांची दुकाने सपाटीवर. सपाटीवर राहणाऱ्या नातेवाइकांशी तर माझे संबंध हळूहळू तुटतच गेले.

तरी कधी तरी सपाटी गाठायचीच. एकदा ऐन बाजाराच्या दिवशी साखळीला ती अडून बसली. ढकलायला वीसेक माणसे आली, पण एकाचा जोर आधी आणि दुसऱ्याचा नंतर, असा प्रकार. गाडी पाळण्यासारखी झुलत राहिली. शेवटी एक भाजीवाले आजोबा वैतागले. त्यांनी टोपली खाली ठेवली, हात जोडले आणि बाजारातच गाऱ्हाणे सुरू केले.

आमच्याकडे काही अडले की गावचा जाणता माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो. माणूस कोण, कुठला, आपला कोण लागतो, त्याचे काय अडले आहे, ते सगळे देवाला रीतसर सांगायचे. आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" आजोबांनी थट्टेने घातले खरे, पण लोकांना सवय अशी, की "व्हय म्हाराजा" म्हणताना सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला आणि गाडी भक्कन धूर सोडून चालू झाली.

त्या दिवसापासून तिला चटक लागली. मी बॅटरी बदलली, प्लग बदलले, तिच्यासमोर लिंबू फोडले. ढिम्म. गाऱ्हाणे घातले की चालू. तेव्हा भाषेवरून आमच्याकडे घराघरांत रणधुमाळी माजली होती. एक भाऊ कोकणीवाला, एक मराठीवाला, दोघांच्या चुली वेगळ्या व्हायची वेळ आलेली. पण माझी गाडी अडली की दोघेही येत आणि शेजारी शेजारी खांदा लावत. "व्हय म्हाराजा" दोघांचेही एकच.

स्वप्नातली गाडी अर्थातच वेगळी होती. पांढरी, नवीकोरी, किल्ली फिरवताच मांजरीसारखी गुरगुरणारी. फळ्यावर वर्तुळ काढताना माझा चेहरा असा व्हायचा की पोरे विचारत, "सर, चाक काय हें?"

आणि नेमकी तशीच गाडी माझ्या मुळावर उठली.

झाले असे. फोंड्याच्या एका देवळातल्या जत्रेत मला एक मुलगी भेटली होती. भेटली म्हणजे काय, प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे उभी होती. "तुमचा शर्ट उलटा आहे की नवी फॅशन आहे?" एवढेच ती म्हणाली. त्यानंतर महिनाभर मला जेवण गेले नाही. आई सांगते, मी भाताऐवजी ताटच चावले होते. मामाने शोध काढला. मुलगी पेडण्याची, वडील देवस्थानचे मानकरी, बागायतदार. पण तिच्यासाठी पणजीच्या बँकेतल्या एकाचे स्थळ आधीच येऊन गेले होते. पगार मोठा. आणि दारात पांढरी, नवीकोरी.

मामा म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्याने निरोप धाडला, "आमच्या भाच्याकडे पण गाडी आसा. पाण्यासारखी चलता." मला म्हणाला, "आता ती पाण्यासारखी चालव, नायतर माझे नाक गेले."

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. गाडीला काय बुद्धी झाली कोण जाणे, कोलवाळचा पूल तिने गाणे म्हणत ओलांडला. मामाने बेत आखला होता, मुलीच्या घराअलीकडे रस्त्याला चांगला उतार आहे, तिथे गाडी ठेवायची, पायी जायचे आणि परतताना ऐटीत घरंगळत सुटायचे. पण वडील स्वतःच रस्त्यावर येऊन उभे होते. पांढरे धोतर, भरघोस मिशा.

"पावण्यांची गाडी रस्त्यार? लोक आमकां काय म्हणतले? आत घ्या, आत!"

"नको, हयच बरी," मामा म्हणाला.

"आमच्या आंगणाक काय झालां?"

आता अंगणाला नावे कोण ठेवणार? यजमानाने मानाने बोलावल्यावर नाही म्हणायची आमच्यात छातीच नसते. गाडी आत गेली. शेणाने सारवलेले अंगण, पोळपाटासारखे सपाट. मी बंद करायच्या आधीच गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. मामाने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघांनी मनातल्या मनात सुतक धरले.

आत चहा आला, वाटीवाटीने मणगणे आले. चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस, वर काजू. एरवी मी पातेले संपवले असते. वडील फार बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमी मनीस बरे दिसतात. पण पणजेचें स्थळ आसा. आमचां चेडूं वाटेर अडकून पडूंक नये, इतकांच माझा म्हणणां. विचार करून कळयतां."

कळवतो म्हणजे काय, ते सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक आहे.

कप उचलायला ती आली आणि खाली बघत म्हणाली, "गाडी वाटेत बंद पडली नाही ना?"

"वाटेत? छे!" मी म्हटले. अगदी खरे होते ते.

निरोप द्यायला सगळे घर आणि अर्धा वाडा अंगणात जमला. मी जनेलातून आत शिरलो, तेव्हाच दोन बायका तोंडाला पदर लावून वळल्या. किल्ली फिरवली. म्हाताऱ्याने पेज गिळावी तसा आवाज झाला. पुन्हा फिरवली. तेवढाही झाला नाही.

"काय झालां?" वडील पुढे आले.

"थंड पडली असतली," मामा म्हणाला.

"मे म्हयन्यात?"

शेजारी धावले. मामाने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. पण तेच, कुणाचा जोर आधी, कुणाचा नंतर. गाडी डुलत राहिली आणि तिच्यात बसून मी पांढऱ्या गाडीवाल्याची वरात डोळ्यांपुढे बघत राहिलो. वाजंत्रीसुद्धा ऐकू येत होती.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "बाबा, अशी ढकलून ती चलची ना. तिका गाराणां घालूचां लागता."

साखळीला तिची मावशी राहायची. माझ्या गाडीची कीर्ती गाडीच्या आधीच पेडण्याला पोचली होती, आणि पोचूनही त्या मुलीने आम्हाला घरी येऊ दिले होते!

वडिलांनी लेकीकडे पाहिले. मग गाडीकडे. गावचे गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचाच. थट्टेत घालणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले, आणि असा आवाज लावला की माडावरचे नारळ सावध झाले.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, तुमच्या पायांकडे हात जोडतांव..."

"व्हय म्हाराजा!" गाडी वीतभर सरकली.

"आज ह्या आंगणात एक गाडी अडून रवली..."

"व्हय म्हाराजा!"

"ती कोणाची? तर सर्वणच्या ह्या मास्तराची..."

"व्हय म्हाराजा!"

आणि ते थांबले. पुढचे वाक्य ठरलेले असते. हा माणूस आपला कोण, ते आता देवाला सांगायचे. परक्याचे गाऱ्हाणे गावच्या देवापुढे कुणी घालत नाही. वडिलांनी घामाने निथळणाऱ्या मामाकडे पाहिले. मग मागे पाहिले. ती केव्हाच खाली उतरली होती, आणि पदर खोचून, दोन्ही हात डिकीला लावून बापाच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

"मास्तर कोण?" त्यांनी डोळे मिटले. "तर ह्या घराचो जांवय..."

मग "व्हय म्हाराजाऽऽ!" असा गजर उठला, की तेरेखोल नदीच्या पलीकडे महाराष्ट्रातले कावळे उडाले. गाडीने तोफ उडवली आणि ती सुटली. वाळत घातलेले धोतर घेऊन, पपईचे झाड वाकवून, फाटकातून थेट रस्त्यावर.

आणि मला थांबता येईना! थांबलो की बंद. त्यामुळे नुकताच जावई झालेला मी कुणालाही नमस्कार न करता, टपाला सासऱ्यांचे धोतर फडकावत, थेट सर्वणला पोचलो. मामा पेडण्यातच राहिला. पुढची सगळी बोलणी त्याने एकट्याने केली आणि उरलेले मणगणेही त्यानेच संपवले.

सासऱ्यांना मी नंतर कितीदा तरी विचारले, ते वाक्य चुकून गेले की जाणूनबुजून? ते मिशीतून म्हणत, "देवाफुडें खोटां बोलूंक जायना. आणि गाडी तर धाडूची आसली. मगे मी काय करतलों?"

पुढे बऱ्याच वर्षांनी मी खरोखरच पांढरी, नवीकोरी गाडी घेतली आणि पहिल्यांदा पेडण्याला नेली. निघताना बघतो तर सासरे वहाणा काढून उभे, शेजारी धोतरे खोचून मागे तयार. मी किल्ली फिरवली. मांजरीसारखी गुरगुरली. सगळ्यांचे हात तसेच वर राहिले.

"चालू झाली?" सासऱ्यांनी विचारले.

"झाली."

"आयकूंक पण येयना." त्यांनी जोडलेले हात हळूहळू सोडले. "मगे आमी कशाक आयल्यांव?"

बायकोने शेजारून हात घातला आणि किल्ली उलटी फिरवली. "ब्रेक सोडा," ती म्हणाली, आणि काच खाली करून ओरडली, "बाबा, अडली हो!"