ओरडणारा ब्रेक

खडकीतल्या त्या सायकलमिस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. घाट उतरताना माझ्या सायकलचा डिस्क ब्रेक लागेना, जेमतेम वाचलो. म्हणून महागडा हायड्रॉलिक ब्रेक बसवून घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पॅड काढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पॅड चक्क हुंगले.

"तेल कुणी घातलं?"

"मीच. फार ओरडत होता हो."

"ओरडत होता, पण थांबवत होता ना?"

त्यांनी डिस्क स्पिरिटनं पुसली, नवे पॅड आणि जरा ताठ केबल घातली. मग चाक फिरवून डोळे मिटून ऐकत राहिले.

"आणि हायड्रॉलिक?"

"कशाला? त्यालाही तेल पाजाल."

हल्ली सिग्नलला माझा ब्रेक ओरडला की लोक वळून बघतात. मला बरं वाटतं.