टिचबटणं

आज सकाळी नवा शर्ट घालताना ‘टिच’ असा आवाज आला आणि मी थबकलो.

निवृत्त झाल्यापासून मी राखाडी, अर्ध्या बाह्यांचे शर्टच घालतो. सगळे रफीकभाईंनी शिवलेले. कपाटापुढे उभं राहून विचार करावा लागत नाही, हे सुख मला फार उशिरा मिळालं. पण यंदा बोटं थरथरायला लागली. बटण काजापर्यंत यायचं आणि निसटायचं. हे मी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

परवा दुकानात हा शर्ट घालून बघताना तिसऱ्या बटणाशी झटत होतो, तेव्हा रफीकभाई पाठ फिरवून टेप गुंडाळत होते. “ठेवून जा सर, काजांचं थोडं काम आहे,” एवढंच म्हणाले.

आता बघतो तर वर नेहमीची बटणं नुसती दिसायला, आणि आत टिचबटणं. लगेच फोन केला.

“बाहेरून तुमचा शर्ट तोच दिसतोय ना, सर?”

तोच दिसत होता. इतकी वर्षं वाटायचं, हा गणवेश मीच सांभाळत आलोय.

बायको चहा घेऊन आली. “आज लवकर आवरलंत,” म्हणाली. मी ताठ उभा राहून हो म्हटलं.