गारठलेले सात

वेधशाळेच्या दप्तरखान्यात ती कारकून म्हणून लागली, तेव्हा तिला ताऱ्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी इथे होऊन गेलेल्या एका गणिती खगोलशास्त्रज्ञाच्या वह्या संगणकात उतरवायच्या, एवढंच काम. त्याचं अक्षर इतकं बारीक की तिने भिंग डोळ्याला लावलं ते अकरा वर्षं. सगळे तिला भिंगवालीच म्हणू लागले. घरी नवरा चिडवायचा, "काय म्हणतायत आज तुझे थोरले सासरे?"

"ढग आले होते. बिचाऱ्यांना काही दिसलं नाही," ती मनापासून सांगायची.

एके दिवशी एक तरुण संशोधिका त्या शास्त्रज्ञाची छापील तारायादी घेऊन आली.

"मावशी, हा तारा इथे असणंच शक्य नाही. तुमच्या शास्त्रज्ञांनी घोळ घातलाय. मी त्यांची ही नोंद गाळतेय."

"दोन दिवस थांब गं," एवढंच भिंगवाली म्हणाली.

तिने मूळ वही काढली. तिथेही तो आकडा 'एक' असाच वाटत होता. पण शेजारच्या रकान्यात त्याने त्या वेळची थंडी लिहिली होती: शून्याच्या खाली चार अंश. तिने हिवाळ्याची पानं एकेक करून चाळली. उन्हाळ्यात ऐटीत मान वाकवणारे त्याचे इंग्रजी सात थंडीत आखडून थेट एकच्या आकड्यासारखे दिसत होते. त्या ताऱ्याच्या पानाच्या तळाशी त्याने बेरीज केली होती. एक धरला तर ती चुकत होती. सात धरला की चोख जुळत होती. छापणाऱ्याने सात एक म्हणून वाचला होता.

संशोधिकेने गणित पुन्हा मांडलं. तारा बरोबर जागेवर आला, आणि तेव्हापासून तो किती सरकला तेही कळलं. तिला नेमकं तेच हवं होतं.

"ते चुकले नव्हते, मावशी."

"उघड्या छताखाली बसायचे गं. बोटं गारठायची," भिंगवाली म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली.

संशोधिकेच्या शोधनिबंधावर दुसरं नाव भिंगवालीचं लागलं. नवऱ्याने तो एक अक्षरही न समजता दोनदा वाचला. संशोधिका मात्र दर मंगळवारी दप्तरखान्यात येऊन बसू लागली, ते अक्षर शिकायला.

"आकड्याकडे नंतर बघ," भिंगवाली तिला सांगायची, "आधी त्यांना थंडी किती वाजत होती ते बघ."