प्रल्हादचे डोंगरावरचे तीन आठवडे

प्रल्हादच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी शेगावात घराच्या ओट्यावर पेपर चाळत बसलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी मिळेल ती एसटी पकडली. पहाटे छातीत दुखलं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला त्यांच्या गावी, वडनेरला पोचल्यावर कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

प्रल्हाद आणि मी वडनेर भोलजीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढे पोस्टात कारकून झालो, शेगावात घर केलं आणि हौस म्हणून व्हायोलिन शिकलो. त्यानं वडिलांचं क्लॅरिनेट उचललं आणि जन्मभर वराती नि मिरवणुका वाजवल्या. कुठलंही गाणं एकदा ऐकलं की त्याच्या बोटांत उतरायचं. पंचक्रोशी त्याला बॅन्डमास्तर म्हणायची. पण त्याच्या मनात एक सल होता. "लोकं वाजोणाऱ्याकडे पाहत नाहीत बे दिन्या, घोड्याकडे पाहतात," असं तो हसत म्हणायचा. हसू खरं नसायचं, ते मला कळायचं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी पेपरात एक जाहिरात वाचली. घाटावरच्या एका निवासी शाळेत, मुलांच्या सुट्टीत, तीन आठवड्यांचं संगीत शिबिर होतं. संगीत रचणारे, वाद्यवृंद चालवणारे आणि तिघा-पाचांनी मिळून बसून वाजवणारे, अशांसाठी. वयाची अट नव्हती. मी त्याला न विचारता दोघांचे अर्ज भरले. त्याचं वाजवणं त्याच्याच अंगणात फोनवर टिपून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा तो भडकला. "मले काऊन फसवलं? उन्हाळ्यात लग्नसराई असते, बॅन्ड कोण सांभाळीन?" त्याची मुलगी सुजाता बॅन्डमध्ये ट्रम्पेट वाजवायची. ती चुलीपुढून न उठताच म्हणाली, "मी सांभाळतो. तुम्ही जा."

तिथं चाळीसेक माणसं होती, बहुतेक आमच्या निम्म्या वयाची. आम्हाला पाच जणांच्या गटात घातलं. आम्ही दोघं आणि शहरातून आलेली तीन तरुण पोरं. आमच्यासाठी रचना करणारी रेवा नावाची मुंबईची मुलगी होती. तिसऱ्या दिवशी तिनं प्रत्येकासमोर विलायती स्वरलिपीतले कागद ठेवले. प्रल्हादनं कागदाकडे पाहिलं, क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "मले हे वाचता येत नाही." चेलो, म्हणजे बसून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, वाजवणारा पोरगा हसला. बहुधा अवघडून हसला असेल. प्रल्हादनं क्लॅरिनेटचे भाग सुटे करून, एकेक पुसून पेटीत ठेवले आणि तो खोलीबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर उभा होता. मी सोबत. "तू राह्य दिन्या. ह्या वयात मी पहिलीत बसून राह्यलो इथं." बस यायला उशीर होता. तेवढ्यात रेवा धापा टाकत आली. तिनं विनवण्या केल्या नाहीत. शेजारच्या दगडावर बसली आणि विचारलं, "काका, एवढ्या गोंगाटात चालता चालता वाजवता, तर बाकीचे तुमच्याबरोबर कसे राहतात?"

"खांदा उचलतो, श्वास घेतो. त्याईले समजते."

"गटातल्या बाकीच्या चौघांना ते येत नाही," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, साधा सूर लावतानाही हे एका वेळी सुरू करू शकत नाहीत."

बस आली. तो दाराकडे पाहत राहिला. कंडक्टरनं "येता का?" म्हणून विचारलं, आणि प्रल्हादनं नुसती नकारार्थी मान हलवली... बस गेली.

त्यानंतर त्यानं आम्हाला मैदानावर चालवलं, चालत वाजवायला लावलं, एकमेकांचे खांदे वाचायला शिकवलं. चेलोवाल्याला चालता येईना, तर त्याला मधोमध खुर्चीवर बसवून आम्ही त्याच्याभोवती फिरलो. रोज जेवण झालं की रेवा तिथंच भोजनगृहात त्याला ती स्वरलिपी शिकवायची. पाच रेघांवरून तो बोट फिरवत ओठांत पुटपुटायचा. दुसरा आठवडा संपेपर्यंत त्याला आपली ओळ अडखळत का होईना, वाचता यायला लागली.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम झाला. मध्यावर मला दिसलं, त्याची नजर कागदावरून सुटली होती. सुटलेली जागा कानानं भरून काढणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. पण त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं, पायाच्या अंगठ्यानं मात्रा मोजत थांबला आणि नेमक्या जागी परत शिरला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर त्यानंच रेवाला सांगितलं, "पोरी, मधात मी हरवलो होतो."

"मग वाजवून टाकायचं ना, काका. तुम्हाला काहीतरी सुचलंच असतं."

"सुचलं होतं. पण ते तुह्यं नव्हतं."

वाकून तिनं त्याच्या पायांना हात लावला, आणि तो कावराबावरा होऊन मागं सरला.

गावी आल्यावर दर रविवारी तो बॅन्डवाल्यांना बुद्धविहाराच्या सभागृहात अर्धगोलात बसवू लागला. "वरातीत काय बसून वाजवाचं हाये?" म्हणून दोघं बॅन्ड सोडून गेले. त्यानं नाद सोडला नाही. एकदा जानेफळच्या लग्नात त्यानं मुलीच्या बापाकडे जेवणाआधीची दहा मिनिटं मागितली. खुर्च्या मांडल्या, आवाज वाढवणारं यंत्र बंद केलं. पहिल्यांदा कोणाचं लक्ष नव्हतं. मग एक म्हातारी बाई आपली खुर्ची ओढत जवळ येऊन बसली, तिच्या मागं दुसरी... त्या दुपारी त्याचा फोन आला. हे सांगता सांगता मधेच "रेंज नाही इथं" म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विहारात त्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या वंदनेच्या दिवशी सुजातानं मला एक वही दिली. व्हायोलिन आणि क्लॅरिनेट अशा दोघांसाठी त्यानं एक रचना लिहीत आणली होती. मला एका शब्दानं बोलला नव्हता. स्वर पेन्सिलीनं, ठसठशीत काढलेले. विलायती खुणांवर त्याचा भरवसा नसावा, कारण माझ्या ओळीवर त्यानं आपल्या बोलीत सूचना लिहिल्या होत्या. "हळू. पाहुणे जेवून राह्यले." पुढे, "घाई नको करू, तुले सवय आहे." चौथ्या पानावर, क्लॅरिनेट शिरायच्या जागेआधी, माझा एक लांबलचक स्वर आहे. त्याच्यावर लिहिलंय, "धरून ठेव बे. मी येऊन राह्यलो."

आता रोज सकाळी मी ती वही उघडून व्हायोलिन घेतो. त्या जागी आलो की गज संपेपर्यंत तो स्वर धरून ठेवतो. मग पान उलटतो, कारण माझी ओळ त्यानं पुढेही लिहिलेली आहे.