सतरा नंबरचा पेला

पनवेलच्या बाहेर टीबीचं जुनं सॅनिटोरियम होतं ना, त्याचे फ्लॅट झाले तेव्हा तिथे राहायला गेलेल्या पहिल्या लोकांत आम्ही. बिल्डरने बाहेरच्या दगडी भिंती आणि पुढचा लांब व्हरांडा तसाच ठेवला, आत आडव्या भिंती घालून वॉर्डांची घरं पाडली. जाहिरातीत ‘भरपूर वारा’ असं होतं, आजाराचं नाव कुठे नव्हतं. आम्हाला काय, वारा हवाच होता.

उरणला ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, एकट्या राहत. गुडघे गेलेले. त्यांनी आता आमच्याकडे कायमचं यावं, एवढंच ह्यांच्या मनात. पण त्या येतील याची खात्री नव्हती. कुणाकडेही गेल्या तरी अ‍ॅल्युमिनियमचा आपला पेला पिशवीत. चहासुद्धा त्यातच, धुणार स्वतः. आम्ही जावा आपसांत त्यांना सोवळ्याच्या महाराणी म्हणायचो. आमच्या घरी भांड्यांवर नाव घालतात, त्यांच्या पेल्यावर नुसता सतराचा आकडा. मला वाटे, भांडीवाल्याचा असेल.

तर वन्सं घर बघायला आल्या. थेट स्वयंपाकघरात गेल्या, खिडकीकडे बघून ओट्यापासून दोन पावलं मागे सरल्या.

“इथं माझी खाट होती.”

“कसली खाट, आक्का?” हे म्हणाले.

“सतरा नंबरची. तुला सांगितलं होतं, आक्का मावशीकडे शिकायला गेलीय.”

“मग नंतर तरी बोलायचंस.”

“बोलले असते तर लग्न कोण लावणार होतं माझं? तू?”

डॉक्टरांनी बरी झाली म्हणून घरी पाठवलं, तरी आईने तो पेला फळीवर वेगळा ठेवला. पुढे आई गेली. पेला वेगळाच राहिला. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी चहा केला, तर पिशवीतून पेला निघालाच.

मग व्हरांड्यात गेल्या. शेजारच्यांनी आपापला तुकडा काचा लावून बंद केला होता, आमचंही माप घेऊन झालं होतं.

“काचा लावणार असाल तर मी येत नाही. इथलं एवढंच मला आवडायचं.”

“अगं, पावसाचं पाणी आत येईल.”

“आम्ही नव्हतो का? पाऊस आला की खाटा आत ओढायचो. तुझा दिवाण जड आहे का फार?”

ह्यांनी काचवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

वन्सं आल्या. पेला मोरीच्या कट्ट्यावर वेगळा राहिला. काही दिवसांनी सकाळी बघते तर त्या पेल्याने व्हरांड्यातल्या तुळशीला पाणी घालतायत.

“वन्सं, चहा?”

“तुमच्यातल्याच कपात दे. याला माती लागलीय.”

मी कप दिला. साखर कमी पडली म्हणाल्या.