पालथा कप

खडकांचे नकाशे करायचं माझं काम. थंडी पडली की गोदावरीकाठच्या जंगलात तंबू, ऊन तापलं की शहरात, काचीगुड्याला घरी. त्या वर्षी परतलो आणि डोकंच चालेना. टीव्हीला केबल लागलेली, इतकी चॅनेलं की काय बघावं कळेना. साखरेचा डबा जागेवर नाही. विचारलं तर बायको म्हणते, "अहो, तो दिवाळीनंतरच हलवला की!" जशी काही मला तार केली होती.

कॅम्पात आमची एक रीत होती. बाहेर पडताना आपला चहाचा मग फळीवर पालथा घालायचा, परतलं की सुलटा करायचा. दिवेलागणीला आचारी फळी बघायचा. एक जरी मग पालथा दिसला, तर सगळे हाका मारत शोधायला निघायचे. ही सवय हाडीमाशी खिळलेली. घरीही मी बेगम बाजारला निघालो की माझा कप ओट्यावर पालथा घालायचो. बायको हसायची, "तिथं काय वाघ बसलाय?"

एका संध्याकाळी बाजारातून परतलो तर दाराला कुलूप. शेजारच्या खालांकडून किल्ली घेतली, आत गेलो. ओट्यावर तिचा कप पालथा! धुतलेला कप पालथाच घालतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण मला त्या घडीला सुचेल तर शपथ.

खाला म्हणाल्या, "परेशान नक्को होओ जी, हिमायतनगरकू क्लासकू गई होगी. तुम नै थे तो रोज जाती थी."

कसला क्लास? कधीपासून? अनवाणीच धावत सुटलो. हिमायतनगरच्या भर बाजारात मी तिला जंगलात मारतात तशा हाका मारत होतो, आणि लोक बघत होते.

ती कॉम्प्युटर क्लासच्या जिन्यावरून उतरली. "अगंबाई! चपला कुठंयत तुमच्या?"

मी भडकलोच. "सांगून जायचं असतं! तुझा कप पालथा बघून जीव टांगणीला लागला माझा!"

आधी ती खो खो हसली. मग एकदम थांबली.

"अख्खा हंगाम तुमचा कप पालथाच होता की घरात. मी कुठं जाऊन हाका मारायच्या होत्या?"

तिने कोपऱ्यातली एक लुना काढली, सुरू केली आणि म्हणाली, "बसा मागे."

ती लुना कधी शिकली, हेही मला माहीत नव्हतं.