उसने घेतलेले परत देताना

तो शुक्रवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये मी एका जुन्या अमेरिकन एसीच्या नटाला पाना लावत होतो. मला बहरीनला येऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. सुट्टीच्या दिवशी मला कोणी बोलावले नव्हते. पण आपल्याला काम येते हे लवकर दाखवले नाही तर परत पाठवतील, या धास्तीने मी आलो होतो. पाना नटावर बसला. मी जोर लावणार, एवढ्यात मागून कोणीतरी माझे मनगट धरले.

"थांबा. पाना ब्रिटिश आहे, नट अमेरिकन."

"पण बसलाय की," मी म्हणालो.

"बसल्यासारखा दिसतो. जोर लावलात की नटाचे कोपरे जातात, मग तो कशानेच निघत नाही. मी एकदा घालवलेत. एसीचे नव्हे, विमानाचे."

श्री. केशवराव जाधव, म्हणजे आपणा सर्वांचे जाधवकाका, यांची माझी ओळख ही अशी झाली. माझी चूक होण्याआधीच त्यांनी स्वतःची चूक सांगून टाकली, त्यामुळे मला लाज वाटायला जागाच उरली नाही. नंतर त्यांनी मला दोन पेट्या दाखवल्या. लाल फडक्याची ब्रिटिश पान्यांची, निळ्या फडक्याची अमेरिकन पान्यांची. जुने पंप विलायती, एसी अमेरिकन. त्यामुळे आमच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही लागतात. निळ्या पेटीला हात लावण्याआधी काका हात पुसतात. ते का, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले.

काका येत्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्याच महिन्यात त्यांचा व्हिसा संपतो. वर्कशॉपचे मालक बू खालिद तो वाढवून द्यायला तयार आहेत. सातारा जिल्ह्यातल्या गावी काकू त्यांची वाट पाहत आहेत. काका थांबणार की जाणार, ते कोणालाच सांगत नव्हते. आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी काकांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकासाठी मला लिहायला सांगितले तेव्हा वर बजावले, "असं लिही, की वाचून काकांचा पाय निघू नये." माझे शिक्षण नववीपर्यंत. एवढ्या मोठ्या अंकात लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे मी त्यांना सांगितले होते. तरी चिटणीसांचे म्हणणे मला पटले होते, कारण काका जाऊ नयेत असे सर्वांत जास्त मलाच वाटत होते.

काकांच्या उम्म अल हस्समच्या खोलीवर दर शुक्रवारी संध्याकाळी बुद्धवंदना होते, हे आपण जाणताच. हमद टाउनहून बसने येणारे, शिफ्ट संपवून तसेच येणारे, सगळे तिथे जेवून जातात. काकांची एक रीत आहे. कोणाच्या घरून डब्यातून किंवा वाटीतून काही आले, तर ते भांडे रिकामे परत जात नाही. आपल्याकडे घरोघरी बाया पाळतात तीच ही रीत. पण पंच्याहत्तरीतला एकटा पुरुष ती परदेशात पाळतो, हे मी इथेच पाहिले. वाटी घासायची, पुसायची, तिच्यात खजूर नाहीतर मूठभर साखर घालायची आणि मगच ती परत द्यायची. मागे मी काकांच्या खोलीवर तापाने आजारी होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या केरळी ताईंनी माझ्यासाठी पेज पाठवली होती. ते भांडे मी धुऊन जिन्यात ठेवून आलो. काकांनी ते उचलून आणले, त्यात दोन संत्री घातली आणि म्हणाले, "उसनं आणलेलं भांडं बोलतं, संजय. रिकामं गेलं तर वाईट बोलतं."

विमानाची गोष्ट त्यांनी मला अशाच एका आजारपणात सांगितली. इथे लिहिण्यापूर्वी ती मी त्यांना पुन्हा विचारून घेतली आहे, म्हणजे माझ्याकडून काही चुकीचे जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धात काका हवाई दलात मेकॅनिक होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी बंगालमध्ये बांधलेल्या एका धावपट्टीवर त्यांची नेमणूक होती. आधी तिथे ब्रिटिश विमाने होती. मग अमेरिकन आली. त्यांना थंडरबोल्ट म्हणत. काकांच्या शब्दांत, "रेड्यासारखं अंग, अठरा सिलिंडरचं इंजिन, दोन्ही पंखांत चार-चार मशीनगन. सुरू झालं की पायाखालची माती थरथरायची." वैमानिक इंग्रज, विमान अमेरिकन, मेकॅनिक हिंदी, आणि पाने ब्रिटिश मापाचे. अमेरिकन पाने नंतर आले. दरम्यान काकांच्या हातून विमानाच्या त्या नटाचे कोपरे गेले. सार्जंट रागावला नाही. एवढेच म्हणाला की हे विमान आपले नाही, अमेरिकेकडून उसने आणले आहे, सांभाळून. तेव्हापासून अमेरिकन पान्याला हात लावायचा तो पुसूनच.

"गावात मला विहिरीच्या दोराला हात लावू देत नव्हते," काका म्हणाले. "आणि तिथं एक गोरा पोरगा रोज सकाळी विचारायचा, जाधव, सगळं ठीक? मी अंगठा वर केला की तो विमानात बसायचा. माझ्या अंगठ्यावर त्याचा जीव. त्या इंजिनाचा आवाज अजून कानात आहे बघ."

म्हणूनच मुहर्रकच्या बाजूने एखादे विमान वर गेले की काकांचा हात थांबतो. ते मान किंचित कलती करून ऐकतात, मग "हा नव्हे" असे म्हणून पुन्हा कामाला लागतात. लढाईनंतर ते इंग्रजांच्या नोकरीत मुहर्रकच्या विमानतळावर आले, पुढे बू खालिद यांच्या वडिलांनी त्यांना वर्कशॉपमध्ये घेतले. इतकी वर्षे झाली, पण त्यांनी ऐकणे सोडलेले नाही.

त्या विमानाचे पुढे काय झाले, असे मी विचारले होते.

"लढाईत पडेल त्याची भरपाई द्यायची नव्हती. उरेल ते परत द्यायचं, नाहीतर विकत घ्यायचं. आमचं उरलं. पण परत न्यायला कोणी येईना, आणि विकत घ्यायला साहेबाकडे पैसा नव्हता. हुकूम आला, जागेवरच तोडा. माझ्या हातात कुऱ्हाड दिली."

"मग?"

"आधी इंजिनातलं तेल काढलं. सगळं विमान पुसलं. सोबतचे हसले, म्हणाले, आंघोळ घालून मारतोस काय रे! पुसून झाल्यावर मग तोडलं." मग म्हणाले, "चालू स्थितीत होतं रे. घरी जायला हवं होतं त्यानं."

मागच्या शुक्रवारी बू खालिद स्वतः खोलीवर आले. आम्ही सगळे होतो. ते म्हणाले, "जाधव, तुम किधर जाएगा? इधर सब तुम्हारा बच्चा लोग है. वीजा मैं करेगा, मफी मुश्किल, कोई मुश्किल नहीं." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जोरात वाजवल्या. काका हसले आणि म्हणाले, "इंशाल्ला." चिटणीसांनी मला डोळा घातला, झाले काम.

तेवढ्यात फोन वाजला. गावच्या टेलिफोन बूथवरून काकू दर शुक्रवारी याच वेळी फोन करतात. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, येताय का यंदाही नुसतं येतो-येतोच?"

"बघतो. इथली मंडळी सोडत नाहीत."

"सोडतील कशी? फुकटचा मेकॅनिक मिळालाय. साऱ्या बहरीनच्या यंत्रांना तेलपाणी करता, इथं माझे गुडघे कुरकुरतात त्यांना कोण बघणार? हे बघा, मोडल्यावर पाठवू नका म्हणावं त्यांना. चालता-बोलता आहात तोवर या."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला, वर्कशॉपमधून रोज सोबत आणतात ती निळी पेटी पुढे ओढली आणि एकेक पाना पुसू लागले. पुसून झालेला पाना ते माझ्यासमोर ठेवत होते. काका जाणार, हे मला कळले. बू खालिद यांनाही कळले असावे, ते उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "खलास, जाधव. टिकट मैं देगा."

चिटणीसांनी सांगितले तसे मला लिहिता आले नाही, याबद्दल त्यांनी राग मानू नये. काका थांबावेत म्हणून लिहायला बसलो, की प्रत्येक वेळी ते पुसून ठेवलेले विमान डोळ्यांपुढे येते. काका गेल्यावर त्या गल्लीत मला कसे वाटेल, हे इथे लिहिण्याचे कारण नाही. विमान वर गेले की आता मान माझीही कलती होते, आणि कोणता आवाज ऐकायचा हे मला माहीत नसते.

काकांना गावचे पाणी मानवो. काकूंच्या गुडघ्यांना त्यांच्या हातचा गुण येवो. त्यांच्या शंभरीचा अंक गावच्या अंगणात निघो, आणि तेव्हा आम्ही सगळे रजा काढून तिथे जेवायला असू.

आणि काकू, हा अंक काकांच्या सामानात येईल, सोबत प्रत्येक घराने दिलेले खजूर असतील. तुमचे भांडे आम्ही फार वर्षे ठेवून घेतले. आता पुसून परत देत आहोत. रिकामे देत नाही.